वळताना श्वास सोडावा

ता. १४ मार्च
झाशी यार्डाच्या बत्तीखोलीत दोन महिने झाले आज. वाती कापणे, काचा पुसणे, तेल भरणे. सहा वर्षं इंजिनावर कोळसा टाकला, आता कंदील पुसतो. बसून उठायचं तर आधी भिंत शोधावी लागते.

दुपारी यार्डात हरप्रसाद दिसला. शंटिंगच्या इंजिनावर उभा, डोक्याला नवा रुमाल. मला पाहून हात केला. मी केला नाही.

एकदा सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी गोड बोललं तरी विसरायला नको. शंटरची, म्हणजे यार्डात डबे हलवणारं इंजिन चालवायची, जागा एकच होती. उमेदवार दोन, मी आणि तो. डॉक्टरी तपासणी तीन दिवसांवर. आखाड्यात सकाळी मी खांद्यावर काठी आडवी घेऊन कंबर वळवत होतो. नाना वस्ताद त्या दिवशी नव्हते. ह. मागून आला. "औ थोड़ो, गोविंद भैया, औ थोड़ो", अजून थोडं, म्हणत काठीचं टोक धरलं आणि हिसका दिला. आत काहीतरी फाटल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. डाव्या पायात बोटापर्यंत वीज गेली. मातीत पडलो तो खाटेवरूनच घरी आलो.

तो म्हणतो, चुकून. सगळे म्हणतात, चुकून. तपासणीला तो एकटाच उभा राहिला. हेही चुकून.

ता. १७ मार्च
नाना वस्ताद घरी आले. पूर्वी वर्कशॉपात लोहार होते, तीस वर्षं घण मारला, पण सत्तरीतही पाठ ताठ. मला पालथा घातला, मणक्यावरून अंगठा फिरवला.
"मुंग्या कुठवर येतात?"
"पोटरीपर्यंत."
"बोटांपर्यंत नाही ना आता? मग बरा होशील. पण माझं ऐकशील तर."
मग शिव्या. म्हणे तू वळत नव्हतास, स्वतःला पिळत होतास. कंबर फार थोडी वळते, देवाने ती तशीच केली आहे. वळायचं ते वर बरगड्यांत आणि खाली खुब्यांत. कंबरेने मधे नुसतं गप्प उभं राहायचं.
पहिला धडा: उताणं निजणं, गुडघे वर, पोट किंचित आत, दोन्ही खांदे जमिनीला. श्वास सोडत गुडघे एका बाजूला, चार बोटंच. परत मधे. मग दुसऱ्या बाजूला. संपलं.
आखाड्यातला पहिला गडी मी. तान्ह्या मुलासारखा गुडघे हलवत पडलोय.

ता. २५ मार्च
रोज सकाळी तेच. ही शेजारी बसून श्वास मोजते. माहेर सागरचं असल्यामुळे हिचे आकडे अजून निम्मे हिंदी, "दस, ग्यारह, बारा". हसू येतं, आणि हसलं की पाठीत कळ.
श्वास सोडताना मी मनात त्याचं नाव घेतो. प्रत्येक वेळी. वीस डाव्या बाजूला, वीस उजव्या.
नानांनी पकडलं. "काय पुटपुटतोस रे?"
"रामनाम."
"चांगलं आहे. दात आवळून घेऊ नकोस एवढंच. दात आवळले की श्वास अडतो."

ता. ८ एप्रिल
उभं राहायची परवानगी. भिंतीला ढुंगण टेकवून. पाय खांद्यांइतके लांब, गुडघे सैल, हात छातीवर घडी. फक्त छाती वळवायची. ढुंगण भिंतीवरून सरकलं तर नाना काठीने टोचतात. "बेईमानी झाली. पुन्हा."
किती वळायचं? "दुखायच्या आधी थांब. दुखेपर्यंत जाऊन थांबणं म्हणजे थांबणं नव्हे."
आणि दुसऱ्याला कधी ढकलू द्यायचं नाही. कितीही जवळचा असो. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

ता. १९ एप्रिल
आज फावड्याचा धडा. रिकामं फावडं. नाना म्हणाले, इतकी वर्षं तू कोळशाच्या टेंडरकडून भट्टीकडे नुसत्या कंबरेने फिरलास. पाय रोवलेले आणि वरचं धड गरगर. पाऊल फिरव. गुडघा, बेंबी, छाती, तिघं एका गावाला जाऊ देत.
केलं. खरंच हलकं गेलं. राग आला. हे कोणी आधी सांगितलं असतं तर?
नाना: "सांगितलं होतं. तुला आणि हरप्रसादला, दोघांनाही. तुम्ही तेव्हा दंड मोजत होतात."

ता. २ मे
ऊन असं की लू लागून कावळे पडतील. तरी आज गार वाटलं.
बडा बाजारात ह. ची बायको भेटली हिला. म्हणाली, "ये तो रात-दिन कमर पकड़े रहते हैं." शंटरला दिवसभर इंजिनाबाहेर झुकून मागे बघावं लागतं, मागच्या माणसाच्या हातवाऱ्यासाठी. पाय आत, मान मागे, कंबर पिळलेली. आठ-आठ तास.
ही हळहळून सांगत होती. मी बाहेर गेलो आणि पेढे घेऊन आलो.
"कशाचे?"
"असेच."
तिने माझ्याकडे बघितलं. एकच खाल्ला.

ता. ११ मे
नाना उद्या ग्वाल्हेरला मुलीकडे चाललेत, मोतीबिंदू काढायचाय. जाताना घरी आले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं. मग—
"हरप्रसाद आला होता माझ्याकडे. पाठ धरलीय त्याची. त्याला तुझ्याकडे यायला सांगितलंय. मी तुला जे शिकवलं तेच त्याला दे. पहिल्या धड्यापासून."
मी म्हटलं, नाना, त्याने मुद्दाम केलं होतं.
"मी तिथे नव्हतो."
"मी होतो."
"म्हणून तर तुझ्याकडे पाठवतोय," म्हणाले. याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही. कप खाली ठेवून गेले.

ता. १३ मे
आला. सकाळी सहाला, आमच्या अंगणात. दारातच वहाणा काढल्या. एका बाजूला कलून चालतो.
"उस्ताद ने पठाओ है, भैया."
"मालूम है."
पालथा निजवला. सदरा वर केला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना स्नायू दोरासारखे ताठ. अंगठा ठेवला तसा तो शहारला. माझ्या अंगठ्याखाली नेमकी तीच जागा होती, जिथे माझं फाटलं. थोडा जोर दिला असता तर.
दिला नाही. उद्या ये म्हटलं.
दिवसभर बत्तीखोलीत अंगठ्याकडे बघत होतो.

ता. १४ मे
ठरलं. लिहायला लाज वाटत नाही.
नानांनी जे जे नको म्हटलं ते सगळं एका व्यायामात बांधलं. पाय जुळवून उभं राहायचं. गुडघे ताठ. कंबरेतून पुढे वाकायचं, दोन्ही हातांत मिळून एक मुगदर, डाव्या पावलापाशी न्यायचा आणि झटक्याने फिरवत उजव्या खांद्यावर. भराभर. श्वास रोखून. वाकणं, वळणं, वजन आणि झटका, चारही एकाच वेळी. नानांनी बघितलं असतं तर माझं मनगट मोडलं असतं.
तोंड सरळ ठेवून सांगितलं. "श्वास रोको. गुडघे सीधे."
"हओ," म्हणाला.
पंचवीस वेळा करवले. मी मोजले. माझा आवाज अगदी शांत होता.

ता. १५ मे
आला. पंचवीस, परत दुसऱ्या बाजूने पंचवीस.

ता. १६ मे
आला. घाम. मुगदर खाली ठेवताना हात कापत होते. "दर्द है?"
"है."
"होगा. पुराना जकड़न है, टूटेगा तो दुखेगा."
हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. रस्त्यावर दात काढणाऱ्यांकडे ऐकलेलं असावं. चांगलं निघालं.

ता. १९ मे
जिन्यावरून उतरताना आता कठडा धरतो, असं त्याचा शेजारी शेडमधे सांगत होता. मी वात कापत होतो. सरळ कापली.

ता. २१ मे
ही माजघराच्या दारात उभी होती सकाळी, कधीपासून कोण जाणे. तो गेल्यावर:
"तुम्ही स्वतः असं करत नाही."
"त्याची पाठ वेगळी आहे."
"पाठी काय वेगळ्या असतात?"
मी ओरडलो. पेढा खाताना नाही सुचलं हे, असं काहीतरी बोललो. तिने ताट वाढलं, ठेवलं, आत गेली.

ता. २२ मे
माझे श्वास आज मोजले नाहीत तिने. मी हाक मारली. "तुम्हाला येतं की आता मोजता," म्हणाली. मोजले मीच. बाराच्या पुढे चुकत राहिलो.

ता. २४ मे
कंपनीच्या डॉक्टरकडे गेलो. वाक, वळ, पाय उचल. सगळं झालं. "महिन्याभराने पुन्हा दाखव, तेव्हा इंजिनावर सोडू." पोटरीत मुंगी नाही, काही नाही.
खुशीत घरी आलो. कोणाला सांगावं? ही मोरीवर भांडी घासत होती. सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि घासत राहिली.

ता. २८ मे
जमेल तसं लिहितो.
दहाच्या सुमाराला बत्तीखोलीच्या दारात उभा होतो. समोरच्या लायनीवर ह. डबे मागे ढकलत होता. मातादीन, साखळी अडकवणारा, दोन डब्यांच्या मधे. त्याच्या जोडीदाराने लाल झेंडी दाखवली, थांबा. ह. ने बाहेर झुकून मागे बघायला हवं होतं. तो झुकला. अर्धाच वळला. तिथेच अडकला. मी त्याचं तोंड बघितलं, मागे वळत नव्हतं ते, खिळल्यासारखं. झेंडी त्याला दिसलीच नाही.
मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. मातादीन उडी मारून बाहेर पडला, मागून डब्यांचे बफर आदळले. नडगीची कातडी सोलून निघाली, बस. बस! दोन श्वासांचा उशीर आणि त्याची कंबर त्या बफरांमधे असती.
मातादीन रुळाकडेला बसून हसत होता. घाबरलेला माणूस हसतो तसा.
मातादीनने माझं काय केलं होतं?

ता. २९ मे
सीपरीला ह. च्या घरी गेलो. कामावरून घरी बसवलाय, चौकशी होणार. खाटेवर कुशीवर पडला होता. बायको पाणी ठेवून आत गेली.
खाली बसलो. म्हटलं, मी तुला चुकीचं शिकवलं. मुद्दाम. एकूण एक गोष्ट उलटी.
तो भिंतीकडे बघत होता.
"हमें पता हती."
"क्या पता था?"
"पैलेई दिन सें. उस्ताद ने हमें सोई बेई सिखाओ, जो तुमें. बारा साल सें. गुडघे सीधे करके कोऊ मुगदर उठात है?" (पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं; वस्तादांनी त्यालाही तेच शिकवलेलं. "गुडघे" हा माझा मराठी शब्द त्याने तसाच उचलला होता.)
"तो किया क्यों?"
"तुमने कई, सो हमने करी."
मी सांगितलं, म्हणून केलं! मग जानेवारीचं विचारलं. सरळ विचारलं, पहिल्यांदाच. हिसका मुद्दाम दिलास का?
मग म्हणाला, हात माझा होता. तपासणीचा विचार डोक्यात होता, तोही माझाच. दोन्ही एकाच वेळी होते का, ते रोज विचारतो स्वतःला. कधी हो येतं, कधी नाही.
आणि मग, तो मूर्ख, वर: "अब तो बराबर हो गओ, भैया?"
मी उठून चालता झालो. पाणी प्यालो नाही.

ता. १ जून
बराबर!
मी समजत होतो मी मारतोय. आणि तो सहा वाजता वहाणा काढून यायचा, प्रसाद घेतल्यासारखा मार घ्यायचा, घरी जायचा. माझ्या अंगणात माझ्याच हातून स्वतःचं पाप धुवून घेत होता. मला त्याने धोबी केलं.
आणि मातादीन? तो कोणाच्या खात्यात? वेदना होत असताना, आपल्याला मागे वळता येत नाही हे ठाऊक असताना हा इंजिनावर चढलाच कसा? ते मी त्याला विचारायचं राहिलं. ते मला कोणी विचारायचं राहिलं.
आधी होता त्यापेक्षा राग दुप्पट आहे. ठेवायला जागा नाही.

ता. ६ जून
नाना परत आले, डोळ्याला हिरवं फडकं. हिने त्यांना सगळं सांगितलं. मी बाहेरून आलो तेव्हा सांगून झालं होतं.
मला वाटलं मारतील. मी तयार होतो, मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "त्याला उभा कर. तोवर आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा नाही."
"आणि त्याने जे केलं?"
"त्याला मी वेगळं सांगितलंय. ते तुला कशाला?"
काय सांगितलं ते कळलं नाही.

ता. ८ जून
त्याच्या घरी. पहिला धडा. उताणा, गुडघे वर, पोट किंचित आत. चार बोटं डावीकडे. श्वास सोडत.
माझे हात त्याच्या गुडघ्यांवर, ढकलायला नाही, फार जाऊ नये म्हणून. बरोबर शिकवताना हात आपोआप चालतात, विचार करावा लागत नाही. उलटं शिकवताना किती लक्ष ठेवावं लागायचं.
बोललो फक्त आकडे.

ता. १३ जून
त्याच्या मुंग्या घोट्यापर्यंत यायच्या, आता पोटरीपर्यंतच. हे सुधारण्याचं लक्षण. त्याला सांगितलं नाही. बाहेर पडताना त्याच्या बायकोला सांगितलं.
तिने पदर डोळ्यांना लावला. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं, आणि मग त्याचाच राग आला.

ता. १९ जून
मातादीनकडे गेलो. नडगी भरत आलीय. त्याला काय सांगायचं ते वाटभर ठरवलं होतं. तो म्हणाला, "भैया, तुम चिल्लाए, सो हम बच गए," आणि पाया पडायला वाकला. मी त्याला धरून उभं केलं. ठरवलेलं बोललो नाही.
माझ्यासारखा हरामखोर झाशीत दुसरा नसेल. असेल तर सीपरीला.

ता. २४ जून
ह. भिंतीला टेकून उभा राहिला. हात छातीवर. छाती वळवली, खुबे जागेवर. पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा साफ. जळलो. खरंच जळलो, असल्या गोष्टीवर.
"श्वास."
"हओ."
रोज निघताना एकदाच विचारतो. मुद्दाम होतं का? रोज तो विचार करतो. आज म्हणाला, "आज तो हओ लग रओ." काल नाही म्हणाला होता. खोटं बोलून एकदाचं मोकळं करत नाही, हा त्याचा मोठेपणा की छळ?

ता. ३० जून
ही पुन्हा शेजारी बसायला लागली सकाळी. मोजत नाही. नुसती भाजी निवडते. मी आपण होऊन सांगितलं, नाव घेणं सोडलंय श्वासाबरोबर. "मग काय घेता?" म्हणाली. काहीच नाही, म्हटलं. पूर्ण खरं नाही. उजव्या बाजूला अजून येतं.

ता. ४ जुलै
डॉक्टरने पास केलं. इंजिनावर जायला लायक. शेडमधल्या चौघांनी पाठीवर थापा मारल्या, मी प्रत्येक वेळी दचकलो.

ता. ९ जुलै
चौकशी झाली. ह. ला ताकीद, महिन्याच्या पगाराचा दंड, जागा राहिली. सोमवारपासून शंटिंगच्या इंजिनावर परत. कचेरीतल्या बाबूने मला बोलावलं. त्या इंजिनावर फायरमनची, कोळसा टाकणाऱ्याची, जागा रिकामी आहे, आणि शंटरने लेखी अर्ज करून तुझं नाव मागितलंय. कागद पुढे सरकवला. कबूल की नाकबूल, शनिवारपर्यंत. नाकबूल असेल तर मालगाडीवर, बीना स्टेशनच्या बाजूला. वाईट नाही तेही.

ता. १० जुलै
सरळ त्याच्या घरी. म्हटलं, हा काय प्रकार आहे? माझं नाव का?
जमिनीवर निजून गुडघे फिरवत होता. पुरे वीस होईपर्यंत थांबला, मग उठला. कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन, शिकवल्यासारखा.
म्हणाला, मला आता मागे वळता येतं. पण कधी अडकलो तर ते सगळ्यात आधी तुला कळेल. दुसऱ्या कोणाला नाही कळणार.
"और तुम्हें डर नहीं लगता?"
"लगत है," म्हणाला. "दिन भर पीठ तुमाई तरफ रैहै."

ता. ११ जुलै, शुक्रवार
कागद समोर आहे. नाव, बापाचं नाव, वय, सगळं लिहून झालं. ही विचारून गेली, काय कळवणार? जेवून सांगतो म्हटलं. जेवलो. सांगितलं नाही.
मागे टेंडर, पुढे भट्टी, मधे मी फावडं घेऊन. आणि एका हाताच्या अंतरावर तो, बाहेर झुकलेला, मागे बघत. आठ तास. रोज.
कबूलच्या समोरची जागा कोरी आहे. नाकबूलच्याही.